किस्ती गुर्जी

इटियाडोह धरणाच्या अलीकडच्या एका गावात मी पहिल्यांदा खोली शोधायला गेलो तो मंगळवार होता. हे पक्कं लक्षात राहायचं कारण म्हणजे त्या गावात मंगळवार हा बचत गटाच्या बायकांकडून कर्जाचे हप्ते गोळा करायला येणाऱ्यांचा वार. मला बिचाऱ्याला ते काय ठाऊक! खांद्याला काळी बॅग, खिशाला दोन पेनं, पायात बूट. पहिली दोन दारं मी हाक मारायच्या आत लागली. तिसऱ्या घरी एक म्हातारी ओसरीवर फाटकं जाळं सांधत बसली होती. तिला जाळं टाकून पळता आलं नाही, एवढंच.

मान वर न करता तिनं विचारलं, "कोन समाजाचे जी तुमी?"

आमच्या नगरकडे हा प्रश्न असा सरळ येत नाही. आधी गाव विचारतात, मग आडनाव, मग तालुका, मग "म्हणजे त्या अमक्यांच्या जवळचे का?" असं करत करत चहा संपेपर्यंत माणूस मुक्कामाला पोचतो. झाडीपट्टीत आडवळण नाही. म्हणून मीही सरळ सांगितलं, "ख्रिस्ती."

म्हातारीचा हात थांबला. "किस्ती? किस्त तं मागच्याच हप्त्यात भरली ना जी!"

मी शाळेत मास्तर म्हणून आलोय, कर्ज वसूल करायला नाही, हे पटवायला अर्धा तास गेला. खोली मिळाली. पण तोवर गल्लीतल्या पोरांनी ऐकलं होतं, आणि पोरांनी ऐकलेलं नाव गॅझेटात छापल्यासारखं असतं. त्या दिवसापासून मी गावाचा किस्ती गुर्जी.

सुरुवातीला मी दुरुस्ती करत असे. खरडफळ्यावर ‘ख्र’ हे जोडाक्षर काढूनसुद्धा दाखवलं. पोरं वहीत ‘ख्रिस्ती’ असं शुद्ध लिहीत आणि तोंडानं ‘किस्ती’ म्हणत. मग मी नाद सोडला.

त्या म्हातारीचा, म्हणजे माझ्या घरमालकीण आजीचा, मुलगा धरणावर मासे धरतो. घर ढिवरांचं. इटियाडोह म्हणजे आमच्या या कोपऱ्यातलं मोठं पाणी. गाढवी नदी अडवून १९७० च्या सुमाराला बांधलेलं. त्याच्यावर खालचं धान पिकतं आणि आजीची चूल पेटते. राहायला गेल्यावर आठवड्याभरात तिनं पुढचा प्रश्न काढला, "तुमचा देव कोन्ता जी?"

"येशू."

"तो हात पसरलेला? कपड्याच्या दुकानातल्या क्यालेंडरवर पाह्यला." थोडं थांबून, "धंदा काय त्याचा?"

देवाचा धंदा विचारणारी बाई मला पहिल्यांदाच भेटत होती. रविवारच्या शाळेत आमच्याकडून देवाचे गुण पाठ करून घेतले होते, धंदा नाही. मी म्हणालो, "सुतार. पण त्याचे पहिले शिष्य कोळी होते. म्हणजे तुमच्यासारखे, मासे धरणारे."

झालं! आजीनं जाळं बाजूला ठेवलं. मग मला ती गोष्ट सांगावीच लागली. रात्रभर जाळी टाकून एक मासळी मिळाली नाही, पहाटे काठावरून येशू म्हणाला, मचव्याच्या उजव्या बाजूला टाका, आणि एकशे त्रेपन्न मोठे मासे लागले. योहानाच्या शुभवर्तमानात हा आकडा दिलेला आहे. मोठमोठ्या पंडितांनी त्यावर डोकं चालवलंय. एकशे त्रेपन्न म्हणजे काय, त्यात कोणतं गूढ, कोणत्या अंकाची बेरीज. मी स्वतः त्यावर एक तासाचं प्रवचन ऐकलंय आणि त्यात पंचेचाळीस मिनिटं झोपलोय.

आजीनं विचारलं, "मोजले कोनं?"

"असतील कोणीतरी शिष्यांनी."

"मंग सोसायटीत जमा केले का मधातच विकले?"

दोन हजार वर्षांत हा प्रश्न कोणा पंडिताला पडला असेल असं मला वाटत नाही. पण मच्छीमार सोसायटीच्या पाण्यावर जगणाऱ्या बाईला आधी तोच पडणार. देवदूत, पुनरुत्थान वगैरे पुढचं. पकडलेला मासा मोजला, म्हणजे तो कुठेतरी लिहिला गेला असला पाहिजे. योहानानं लिहिला, असं मी सांगितल्यावर तिला योहानाबद्दल आदर वाटला. "हिशोबी मानूस," ती म्हणाली.

तिसऱ्या दिवशी सकाळी मुलगा दारात उभा. डोळे लाल. "गुर्जी, रातभर उजव्याच बाजूनं टाकलं. दोन बोटवे लागले." त्याच्या मागून आजी, "बरोबर सांगतलं ना जी तुमी? उजवी का डावी?" मी परत बायबल काढून बघितलं. उजवीच होती.

एवढं होऊनही आजीनं निकाल माझ्या बाजूनं दिला. शिष्य कोळी, म्हणजे देवही आतल्या गोटातला, आणि देव आतला म्हणजे गुर्जीही आतले. हे गणित तिनं शेजारणीला सांगताना मी ऐकलं. धर्मांतराचा आरोप आमच्यावर होत असतो. आजीनं मला एका दमात ढिवर करून टाकलं, त्याची तक्रार कुठं करायची!

तर ‘किस्ती’. हा शब्द मनात घोळायला लागला की मला नारायण वामन टिळक आठवतात. आमच्या गोंदिया जिल्ह्यानं अजून त्यांच्यावर हक्क सांगितलेला नाही, मी सांगतो. १८९३ साली टिळक नोकरीसाठी नागपूरहून राजनांदगावला रेल्वेनं निघाले होते. डब्यात अर्नेस्ट वॉर्ड नावाचे मिशनरी भेटले. बोलणं झालं, त्यांनी टिळकांच्या हातात बायबल ठेवलं आणि सांगितलं, दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल. आता नागपूरहून राजनांदगावला जायचं म्हणजे तिरोडा, गोंदिया, आमगाव, सालेकसा यांना चुकवून जाता येत नाही. तेव्हा ते बोलणं आमच्याच भातशेतांना साक्षीला ठेवून झालं, असं मी शाळेत ठासून सांगतो. इतिहासाचा शिक्षक नसल्याचे काही फायदे असतात.

वॉर्डसाहेबांनी दोन वर्षांची मुदत दिली होती. टिळकांनी १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत बाप्तिस्मा घेतला. मुदतीत, एकरकमी. लक्ष्मीबाईंचं तसं नाही. नवरा ख्रिस्ती झाला म्हणून त्या लगेच झाल्या नाहीत. रडल्या, भांडल्या, माहेरच्या माणसांत राहिल्या; पुढं नगरला त्याच्याबरोबर राहायला आल्या तरी सोवळं आपलं घट्ट धरून. मग आधी शिवाशीव गळाली, बाप्तिस्मा झाला १९०० मध्ये. पाच वर्षं, हप्त्याहप्त्यानं. आणि प्रत्येक हप्ता कसा भरला, कुठं थकला, कधी दंड बसला, ते ‘स्मृतिचित्रे’त त्यांनी इतकं हसत हसत लिहिलंय की टिळकांच्या एकरकमी भरण्यापेक्षा मला ते खातंच जास्त खरं वाटतं. पुढे टिळकांचं ‘ख्रिस्तायन’ अर्धवट राहिलं, त्याचा मोठा भाग याच बाईनं लिहून पुरा केला. कर्जदार शेवटी बँक चालवायला लागतो, तसं.

मी स्वतः किस्त न भरता ख्रिस्ती झालोय. पणजोबांच्याही आधीपासून आमचं घर नगरच्या देवळातलं. (आम्ही चर्चला देऊळच म्हणतो. जिल्ह्याचं नाव आता अहिल्यानगर आहे, पण माझी जीभ नगरलाच वळते.) मी तान्हा असताना पाळकसाहेबांनी कपाळावर तीन बोटं पाणी लावलं, मी रडलो, नोंद झाली. आईच्या म्हणण्याप्रमाणे बाप्तिस्म्यापेक्षा त्यानंतरच्या पुरणपोळ्या लोकांच्या लक्षात आहेत.

या तीन बोटं पाण्याला माझ्या मामांची हरकत आहे. मामा वीस वर्षांपूर्वी बुडवून बाप्तिस्मा देणाऱ्या मंडळीत गेले. तेव्हापासून त्यांच्या मते आमचं सगळं खानदान कोरडं आहे. एका जानेवारीत ते माझ्याकडे आले. मी त्यांना धरणाच्या पाळीवर नेलं. समोर डोळे पुरणार नाहीत असं पाणी, लांबवर डोंगर, काठाला बगळे. मामा किती तरी वेळ बोललेच नाहीत. मला वाटलं, निसर्गानं भारावले. मग ते माझ्याकडे वळून अतिशय दुःखानं म्हणाले, "एवढं पाणी उशाला, आणि तू अजून कोरडा!"

त्यातून त्यांना कळलं की नदीचं नाव गाढवी. मग तर विचारायलाच नको. प्रभू यरुशलेमात गेला तो कशावरून? मत्तयाच्या शुभवर्तमानात गाढवी आणि शिंगरू दोन्ही आहेत. आणि धरणाच्या नावात डोह. "सगळं शास्त्रात बसतंय भाच्या, तूच तेवढा बसत नाहीस."

मी त्यांना नागपूरची गोष्ट सांगितली. धरण झालं त्याच सुमाराला, २९ नोव्हेंबर १९७० ला, नागपुरात सहा वेगवेगळ्या चर्चमंडळ्या एकत्र आल्या आणि उत्तर भारताची एक मंडळी झाली. त्यांत लहानपणी पाणी लावणारे होते, मोठेपणी बुडवणारे होते, आणि एक तर असे होते की ते एकदा नाही, पिता-पुत्र-पवित्र आत्मा यांच्या नावानं तीनदा बुडवतात. अनेक वर्षं बैठका चालल्या आणि शेवटी ठरलं, पाणी लावलेलाही चालेल, बुडवलेलाही चालेल. दोन्ही कालवे एकाच धरणाचे. मामांनी शांतपणे ऐकून घेतलं. "तडजोड," ते म्हणाले, आणि चपला काढून पाण्याकडे निघाले.

आजीचा मुलगा काठावर जाळं वाळवत होता. मामांनी त्याला विचारलं, "खोली किती?" तो म्हणाला, "डोह हाये जी. तिथं पाय नाई टेकत." मामांना पोहता येत नाही. मलाही नाही. आम्ही दोघांनी थोडा वेळ त्या पाण्याकडे आदरानं पाहिलं, आणि माझा बाप्तिस्मा मामांच्या पुढच्या फेरीपर्यंत तहकूब झाला. म्हणजे तीही किस्त थकलीच.

‘तुम्ही मूळचे कोण?’ हा प्रश्न मला आयुष्यभर पुरलाय. एका प्रशिक्षण वर्गात एका सद्गृहस्थांनी माझं कौतुक केलं, "ख्रिश्चन असून मराठी किती छान बोलता!" त्यावर मी १६१६ साली पोचतो. त्या वर्षी फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रजाचं सुमारे अकरा हजार ओव्यांचं ख्रिस्तपुराण गोव्यात छापून निघालं. तो इंग्लंडचा माणूस ओवीत रमला, तर नगरच्या माणसानं दोन वाक्यं शुद्ध बोलली यात नवल काय? पण हे सगळं मनात. तोंडानं मी "धन्यवाद" म्हणालो, तेही छान मराठीत.

२०२० च्या जानेवारीत फादर फ्रान्सिस दिब्रिटो उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते. तेव्हा शाळेत माझं अभिनंदन झालं. "तुमचे फादर अध्यक्ष! पेढे काढा गुर्जी." फादर वसईचे, कॅथलिक, मी नगरचा, प्रॉटेस्टंट. आमच्या आत्याला कॅथलिक स्थळ आलं होतं तेव्हा आजोबांनी तीन दिवस अन्न सोडलं होतं. पण आमच्या अर्जुनी मोरगावच्या शिक्षकांना हा चारशे-पाचशे वर्षांचा तंटा कोण समजावणार? मी पाव किलो पेढे आणले. मोठ्या मानाच्या गोष्टीत माणसानं आपला वाटा नाकारू नये.

गावात भजनी मंडळ आहे. आमच्या घरी लहानपणापासून टाळ-मृदंगावर टिळकांची भजनं व्हायची, ख्रिस्ती कीर्तनं व्हायची, त्यामुळे टाळ माझ्या हाताला सवयीचा. एका रात्री मी बाहेर बसून नुसता ठेका धरत होतो, तर पेटीवाल्यांनी आत ओढलं. "गुर्जी, तुमचं म्हना येखांदं." मी एक अभंग म्हटला. पेटीवाल्यांनी दुसऱ्या ओळीला सूर पकडला, तिसऱ्या ओळीला सगळे मागं म्हणायला लागले. संपल्यावर मंडळाच्या म्हाताऱ्या बुवांनी विचारलं, "कोना संताचा जी?"

"टिळकांचा."

"लोकमान्यायचा?" बुवांचा चेहरा उजळला.

"नाही, नारायण वामन टिळक. ते वेगळे."

बुवा समजूत काढल्यासारखे म्हणाले, "मंडालेले होते तवा लिवला असंल. तितं येळ होता."

मी परोपरीनं सांगितलं. दोघेही रत्नागिरीकडचे, दोघांचं आडनाव एक, पण माणसं दोन. बुवा मान डोलवत राहिले. पुढच्या गणपतीत मंडपात कर्ण्यावरून जाहीर झालं, "आता किस्ती गुर्जी लोकमान्यायचा अभंग म्हनतील." गणपतीसमोर, लोकमान्यांनी सुरू केलेल्या सार्वजनिक उत्सवात, दुसऱ्या टिळकांचा ख्रिस्ताचा अभंग, लोकमान्यांच्या नावावर! येशूचं नाव आलं तिथं माझा आवाज जरा दबला. मंडळानं मात्र ती ओळ दुप्पट जोरात उचलली. आरतीनंतर बुवा कुणाला तरी सांगत होते, लोकमान्य सगळ्याच धर्माचं वाचत.

या जिल्ह्यात असली सरमिसळ माझ्यामुळं सुरू झाली, असं कुणी समजू नये. जवळच्या प्रतापगडावर महादेव आहे आणि दर्गाही आहे. सालेकशाकडे कचारगडची गुहा आहे. माघी पौर्णिमेला गोंड बांधवांची तिथं मोठी यात्रा भरते. त्यांच्या लिंगो देवाची जी कथा तिथं सांगतात, तिच्यासारखी गोंडी गाणी कागदावर पहिल्यांदा उतरवून घेणाऱ्यांत एक होते स्टीफन हिस्लॉप, स्कॉटलंडहून १८४५ ला नागपूरला आलेले मिशनरी. आले होते आपला देव सांगायला, बसले दुसऱ्याचा देव लिहून घेत. १८६३ च्या पावसाळ्यात नाला ओलांडताना ते बुडून गेले. ती टिपणं १८६६ मध्ये रिचर्ड टेंपल यांनी छापली. आमच्या शाळेतले एक गोंड सहकारी मला म्हणतात, "तुमच्या माणसानं आमचं काम केलं." मी तिथंही मान खाली घालून श्रेय घेतो. हिस्लॉपही आता माझे. पेढे मात्र मागितले नाहीत, हे त्यांचे उपकार.

आणि गोठणगावजवळ तिबेटी लोकांची वसाहत आहे, नॉर्ग्येलिंग. १९७२ पासूनची. धानाच्या बांध्या संपतात आणि एकदम रंगीत पताका फडफडायला लागतात. हिवाळ्यात ही मंडळी स्वेटर विकायला शहरांकडे जातात. तिथल्या एका बाईंच्या दुकानात मी कानटोपी घ्यायला गेलो होतो. गिऱ्हाईक कमी होतं, तेव्हा बोलणं निघालं.

"सर, तुम्ही कुठले?"

"नगरचा."

"अरे बापरे!" त्या खऱ्याखुऱ्या कळवळ्यानं म्हणाल्या. "एवढ्या लांबून आलात? घरची आठवण येत असेल."

ल्हासा कुठं आणि नगर कुठं! मला काही बोलताच येईना. कानटोपीचे त्यांनी वीस रुपये कमी घेतले, लांबचा माणूस म्हणून.

नगरला परत जायचा माझा आंतरजिल्हा बदलीचा अर्ज तेव्हा तिसऱ्यांदा पडून होता. चौथ्यांदा भरायचा राहिला. मुदत कधी गेली कळलं नाही. त्या दिवसांत धान मळणीला आलं होतं आणि शाळेत निम्मी पोरं नव्हती, असं कारण मी बायकोला दिलं.

नाताळचं तेवढं सांगायचं राहिलं. २०१८ साली नाताळ मंगळवारी आला. आम्ही ओसरीच्या कोपऱ्यात गव्हाणीचा देखावा मांडतो. मातीची मरिया, योसेफ, तीन मागी, नगरहून आणलेली कान तुटलेली मेंढरं. खाली तणस इथलीच, नव्या धानाची. दिवाळीचा आकाशकंदील पुन्हा वर चढतो. चांदणी म्हणून तोच. आजी दरवर्षी बघायला येते, पण त्या वर्षी ती नीट उकिडवी बसली आणि तपासणीला आलेल्या साहेबासारखी एकेक वस्तू बघायला लागली.

"लेकरू उघडं कायले ठेवलं जी?"

मी म्हणालो, तसंच असतं, चित्रात तसंच दाखवतात.

"पूस म्हयना हाये. तनीस रुतते लेकराले." तिनं आपल्या जुन्या लुगड्याची चिंधी फाडून घडी घातली आणि बाळाखाली सरकवली. मग मरियेकडं बघून म्हणाली, "अना बायतिनीजवळ इस्तो नाई?"

तीन राजे उंटावरून सोनं, ऊद आणि गंधरस घेऊन आले, पण बाळंतिणीला शेक कोणी आणला नाही, हे माझ्याही कधी लक्षात आलं नव्हतं. आजी उठली. घरातून पोरींच्या भातुकलीतली मातीची इवलीशी गोरसी घेऊन आली, तिच्यात चुलीतले दोन निखारे घातले आणि मरियेच्या उजव्या अंगाला ठेवली. तणशीला आग लागेल म्हणून मी धास्तावलो. बायकोनं हळूच निखाऱ्यांवर राख ओढली. धूर मागी लोकांच्या तोंडावर जायला लागला. "थोडे मांगं सरका जी," असं आजी त्यांनाच म्हणाली, आणि तिनंच त्यांना मागं सरकवलं.

तेवढ्यात दारात मोटारसायकल थांबली. काळी बॅग, खिशाला पेन, पायात बूट. हप्ता वसूल करणारा पोरगा. सुट्टीचा दिवस, तरी मंगळवार तो मंगळवार. त्यानं आजीचं नाव पुकारलं. आजी गव्हाणीजवळून उठली नाही. "बसा जी बसा, सन हाये," म्हणत तिनं तांदळाच्या पिठाच्या गरम आयत्यांची ताटली त्याच्या पुढ्यात सरकवली. त्याला काही कळेना. मग ती माझ्याकडं वळली.

"गुर्जी, तुमीच सांगा याले. तुमी बी किस्ती, हा बी किस्ती. तुमचं आयकंल. मना, म्हातारी पुढच्या मंगळवारी देते."

तो पोरगा एकदा माझ्याकडं, एकदा राखेखाली धुमसणाऱ्या गोरसीकडं पाहत आयता मोडत राहिला.